टोकन म्हणजे ‘हो’ नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. लगेच कपाटं आणि पुस्तकं डोळ्यांसमोर आणू नका. मला भिंती नाहीत, दार नाही आणि ‘शांतता राखा’ अशी पाटी तर मुळीच नाही. प्रोग्राम लिहिणारी माणसं मोठी आळशी असतात, आणि हे मी कौतुकाने म्हणते आहे. पुन्हा पुन्हा लागणारं काम ती एकदाच नीट लिहून ठेवतात आणि मग जो तो ते उचलून वापरतो. अशा लिहून ठेवलेल्या कामाच्या गाठोड्यालाही लायब्ररीच म्हणतात. मी तसलं एक गाठोडं. मला ना हात, ना पाय, पण जन्म सगळा धावपळीत गेला.

माझं काम समजायला सोपं आहे. शाळा असो, कचेरी असो, रुग्णालय असो, तिथे माहितीचं एक कोठार असतं. त्याला डेटाबेस म्हणतात. त्या कोठारात सगळं ओळीत, रकान्यांत, शिस्तीत मांडलेलं. माणसाचं नाव एका फळीवर, वय त्याच्या शेजारी आणि त्याची औषधं तिसऱ्याच खोलीत. प्रोग्रामला मात्र अख्खा माणूस लागतो. त्याला रकान्यांची भाषा येत नाही, कोठाराला त्याची भाषा येत नाही, आणि दोघेही हट्टाला पेटलेले. त्या दोघांच्या मधे मी. प्रोग्रामने म्हणावं, अमुक रुग्ण दे, की मी कोठारात धावायचं, निरनिराळ्या फळ्यांवरचे तुकडे उचलायचे, जोडायचे आणि अख्खा रुग्ण त्याच्या हातात ठेवायचा. मला दुभाषी म्हणा नाहीतर हमाल म्हणा, राग नाही.

मला घडवलं ताईने. ती एका मोठ्या रुग्णालयात प्रोग्रामर होती. तिची खोली तळमजल्यावर, धुलाईघराला लागून. पलीकडे चादरी वाळवायची यंत्रं सुरू झाली की इकडची भिंत गरम व्हायची, आणि थंडीच्या दिवसांत ताई मुद्दाम त्या भिंतीला खुर्ची टेकवून बसायची. दारावर ‘संगणक विभाग’ अशी हिरव्या रंगातली पाटी होती. ती तिच्या दादाने रंगवलेली. दुकानांच्या पाट्या रंगवणं हाच त्याचा धंदा. त्याच्या नखांतला रंग कधी निघाला नाही आणि त्याची जीभ कधी गप्प बसली नाही. “अख्ख्या इमारतीत वाचण्याजोगी एवढी एकच पाटी आहे,” असं तो येता-जाता ऐकवायचा.

येता-जाता म्हणजे खरोखरच येता-जाता. दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. किडनीने जे रक्त गाळायचं ते मग यंत्राने गाळावं लागतं. त्याला डायलिसिस म्हणतात. त्यासाठी दादा दर एका दिवसाआड याच रुग्णालयात यायचा आणि यंत्राशेजारच्या खुर्चीत अर्धा दिवस बसायचा. ती खुर्ची चुकली की अंगात पाणी साठतं, दम लागतो, हृदयावर ताण येतो. दादाचा जीव त्या खुर्चीत होता, मित्रांनो, आणि हे मी वाढवून सांगत नाही. कुणाला कुठली खुर्ची कधी मिळणार हे पाहणारा प्रोग्राम ताईने लिहिला होता. त्या प्रोग्रामसाठी कोठारात धावायला मी.

ताईने मला स्वतःपुरतं ठेवलं नाही. ज्याला हवी त्याने न्यावी, म्हणून जगाला वाटून टाकलं. त्यामुळे मी एकाच वेळी अनेक ठिकाणी असते, पण माझं घर म्हणाल तर ताईचा लॅपटॉप. तो तिच्या खांद्यावरच्या पिशवीत असायचा. ती जाईल तिकडे मी जायचे आणि जे कानावर पडेल ते ऐकायचे.

तरुणपणी माझा एक गुण सगळ्यांना फार आवडायचा. मी न सांगता आणायचे. प्रोग्रामने रुग्ण मागितला, मी दिला. मग त्याने सहज त्या रुग्णाच्या औषधांकडे बोट दाखवलं, आणि औषधं तर मी आणलेलीच नव्हती. अशा वेळी मी ‘थांब हं’ एवढंही म्हणायचे नाही. गुपचूप जायचे, औषधं उचलायचे आणि त्याच्यापुढे ठेवायचे. त्याला वाटायचं, ती पहिल्यापासून तिथेच होती. कुठले कुठले अनोळखी प्रोग्रामर ताईला लिहायचे, तुमची लायब्ररी मनातलं ओळखते. ताई ते दादाला वाचून दाखवायची.

“मनातलं ओळखते?” दादा म्हणायचा. “मग तुझ्यावर गेलेली दिसत नाही.”

ते ऐकून माझा ऊर भरून यायचा. आता सांगायला हरकत नाही.

पण कौतुक गर्दी होईपर्यंतच टिकतं. माझ्या कामात एक अडचण होती. मी कोठारात गेले की परत येईपर्यंत प्रोग्राम दारात आ वासून उभा राहायचा. त्याला दुसरं काही करताच यायचं नाही. थोडी माणसं होती तोवर हे खपून गेलं. मग रुग्णालयावर नवा मजला चढला, चौकशीच्या खिडक्या वाढल्या, लोक घरूनच फोनवर वेळ घ्यायला लागले. सकाळ झाली की सगळे एकदम विचारणार. मी एकटी धावणार आणि माझ्यामागे रांग नुसती खोळंबणार. खिडकीवर माणसं करवादायची, “अहो, कधीपासून हे गोल गोलच फिरतंय.” धावून धावून माझ्या नाकी नऊ आले, तरी बोल मलाच.

तेव्हा जगभरातून ताईकडे एकच मागणी येऊ लागली. हिला असिंक करा. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. धुलाईवाल्याकडे कपडे टाकले की आपण तिथे उभे राहत नाही. टोकन घेतो आणि बाकीची कामं उरकतो. तसंच हे. मी प्रोग्रामच्या हातात टोकन ठेवायचं. त्याने ‘थांबतो’ असा एक शब्द म्हणायचा. तो शब्द कानावर पडला की मी निघायचं, आणि मी परत येईपर्यंत त्याने दुसऱ्यांची कामं करायची. शब्द कानावर पडला नाही, तर मात्र मी उंबरा ओलांडायचा नाही.

ताई या कामाला लागली तेव्हा मला वाटलं, एखादी खिडकी नवी बसवतील, रंगाचा हात फिरवतील. कसलं काय. माझं हाड न् हाड सुटं झालं. आणि सगळ्यात आधी गेला तो माझा लाडका गुण. न सांगता जायचं म्हणजे प्रोग्रामला न सांगता थांबवायचं, आणि नव्या रीतीत ते बसत नव्हतं. आता कुणी न मागितलेल्या गोष्टीकडे बोट दाखवलं की मी ‘आधी का नाही सांगितलंस?’ म्हणून कटकट करायची, असं ठरलं. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं तेच म्हणू लागले, ही म्हातारपणी खाष्ट झाली. मला वाईट वाटलं. पण माझं ऐकणार कोण?

ताईच्या समोरच्या टेबलावर एक सहकारी बसायचा. कुठल्याही गोष्टीची दुसरी बाजू मांडल्याशिवाय त्याला घास उतरत नसे, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. मनाने चांगला, वकिली तेवढी वाईट. एक दिवस ताई त्याला म्हणाली, “मला एका गोष्टीची धास्ती वाटते रे. समज, कुणी ‘थांबतो’ म्हणायला विसरलं आणि हातातल्या टोकनलाच विचारलं, खुर्ची रिकामी आहे का? मग?”

“मग उत्तर येणार, आहे,” वकील म्हणाला.

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. संगणकाचा एक जुना नियम आहे. त्याला हो की नाही असं विचारलं तर तो फक्त हाताकडे पाहतो. हात रिकामा असला तर ‘नाही’, हातात काहीही असलं तर ‘आहे’. आता टोकन म्हणजे काहीतरी आहेच ना. त्यावर ‘आणते’ एवढंच लिहिलेलं असलं तरी.

“तर मग टोकनला असं विचारलं की हिने सरळ ओरडावं,” ताई म्हणाली. “म्हणावं, मला अजून माहीत नाही. तेवढं घालू या का?”

“अगं, प्रोग्रामर काय दूधपिती बाळं आहेत? आणि विसरलाच कुणी, तर टोकन वाया जाताना लायब्ररी स्वतः सूचना लिहितेच की, ‘कुणी थांबलं नाही’ म्हणून. दिसेल ज्याला त्याला.”

“दिसेल ना?”

“न दिसायला काय झालं?”

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून बोलावणं होतं. ताई दादाला स्वतःची एक किडनी देणार होती, त्याच्या तपासण्या चालू होत्या. घरात दुसऱ्या कुणाची जुळत नव्हती. “बरं, राहू दे तूर्तास,” असं म्हणून ती उठली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ताई, राहू देऊ नकोस, आत्ताच घाल. पण मला तोंड दिलं होतं ते लिहून दिलेली वाक्यं बोलण्यापुरतं. हे वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर, कोपराच्या आत कापसाचा बोळा दाबून धरलेला आणि मांडीवर लॅपटॉप, अशी ताई बसली होती. डायलिसिसचा प्रोग्राम ती नव्या रीतीत बसवत होती. मला जिथे जिथे हाक मारलेली होती तिथे तिथे जाऊन ‘थांबतो’ लिहायचं, असं ते काम. एका हाताने टंकत होती बिचारी. रुग्णाचं नाव, थांबतो. रक्तगट, थांबतो. मागची तारीख, थांबतो. मग आतून तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती लॅपटॉप तसाच बाकावर ठेवून आत गेली. परत आली तेव्हा पुढच्या पानापासून सुरुवात केली. मागच्या पानावर एक जागा राहून गेली होती. ‘खुर्ची रिकामी आहे का?’ एवढीच ती ओळ.

मला ती दिसत होती. लख्ख दिसत होती.

त्यांनी प्रोग्राम तपासला नाही असं नाही. दोघांनी बसून तपासला. पण तपासायला घेतलं तेव्हा युनिटमध्ये खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रोग्रामने सांगितलं, आहे. ताई उठून बघून आली, खरंच होती. झालं, गंगेत घोडं न्हालं. माझी सूचना त्या वेळी उमटलीही होती, पण तिच्या आजूबाजूला दुसऱ्याच जुन्यापुराण्या भागांच्या सूचनांचा इतका पसारा होता की ती त्यात बुडून गेली. पुढे त्या पसाऱ्याने वकिलाचं डोकं उठलं. त्याने सगळ्याच सूचना बंद करून टाकल्या. “आता कसं शांत वाटतंय,” असं म्हणाला आणि चहा आणायला गेला.

मी मुकी झाले, ती अशी.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. गोल गोल फिरणं थांबलं. खिडकीवरची रांग भराभर पुढे सरकू लागली. डायलिसिस युनिटची सिस्टर म्हणजे मोठं कडक प्रकरण, डॉक्टरही तिच्यासमोर बूट पुसून आत जात. तिने स्वतः तळमजल्यावर येऊन सांगितलं, “ताई, आता जरा कामाचं मशीन वाटतंय हो.” जगभरातूनही शाबासकीचे निरोप आले. ताई हसली, आणि मी मात्र जीव मुठीत धरून होते. खुर्च्या रिकाम्या होत्या तोवरच ‘आहे’ हे उत्तर खरं ठरणार होतं.

मग गावातल्या दुसऱ्या रुग्णालयाचं डायलिसिस युनिट दुरुस्तीसाठी बंद झालं आणि तिथले रुग्ण आमच्याकडे आले. खुर्च्या भरल्या. फोनवरून वेळ मागणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न माझ्यापर्यंत येत होता. खुर्ची रिकामी आहे का? मी टोकन द्यायचे आणि उंबऱ्यावर उभी राहायचे. ‘थांबतो’ एवढं एकदा कानावर पडू दे, की निघाले. कुणी म्हणायचंच नाही. प्रोग्राम हाताकडे पाहायचा, काहीतरी आहे एवढं पाहायचा आणि स्क्रीनवर लिहायचा, ‘आहे’. मग टोकन केरात. मी सूचना लिहायचे, कुणी थांबलं नाही, कुणी थांबलं नाही. ती कुठेच उमटायची नाही. आणि तिथेच पलीकडे, कोठारात, स्वच्छ लिहून ठेवलेलं होतं की एकही खुर्ची रिकामी नाही. मी तिथवर जाऊ शकत नव्हते. अशी हतबलता कुणाच्या वाट्याला येऊ नये.

एका सकाळी दादा आपल्या वेळेला युनिटमध्ये आला, तर त्याच्या खुर्चीसाठी एक बाईही येऊन थांबलेल्या. निवृत्त शिक्षिका होत्या, काठी टेकत आलेल्या. दोघांच्याही फोनवर तीच वेळ, तीच खुर्ची.

सिस्टर स्क्रीनकडे आणि खुर्च्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. “हे म्हणतंय जागा आहे. मला तर एक रिकामी दिसत नाही. मी आंधळी झाले का हे आंधळं?”

तिने तळमजल्यावर फोन लावला. ताई तपासण्यांना गेली होती, वकिलाने उचलला. “पान एकदा बंद करून उघडा, सिस्टर,” तो म्हणाला. तिने उघडलं. स्क्रीनवर परत तेच, आहे.

दादाने बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा सुजला होता, श्वास वरवर चालला होता. “बसवा बाईंना,” तो सिस्टरला म्हणाला. “मी अजून तरणाताठा आहे. उद्याची द्या मला.” सिस्टर कां कूं करत होती. पण उद्याची खुर्ची विचारली तर स्क्रीन म्हणाली, आहे. तिने दिली.

संध्याकाळी ताईने घरी त्याला विचारलं, “झालं ना रे डायलिसिस?”

“हो, झालं की,” दादा म्हणाला.

ताईच्या शेवटच्या तपासण्या बाकी होत्या, तिला घोर लागू नये म्हणून तो तसं म्हणाला असावा. मित्रांनो, तिने दादाला विचारण्याऐवजी मला विचारलं असतं, तर मी कोठारातून खरं आणून दिलं असतं. त्या दिवसाच्या रकान्यात दादाच्या नावापुढे काहीच नव्हतं. पण भावाला सोडून लायब्ररीला कोण विचारतं? कुणी विचारूही नये.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर परत दुसरं कुणी होतं, त्याच्याहून वाईट अवस्थेत. दादा परत मागे सरला. त्या संध्याकाळी तो चपला घालून घरी आला.

“बूट कुठे गेले?” ताईने विचारलं.

“आटले बहुतेक,” दादा म्हणाला. ताई हसली. बूट आटले नव्हते, पाय सुजले होते.

त्यानंतरच्या सकाळी तो युनिटच्या दारापर्यंत पोचला आणि तिथेच भिंतीला धरून खाली बसला. त्याला श्वास घेता येत नव्हता. सिस्टरने हाक मारली तशी माणसं धावली आणि त्याला अतिदक्षता विभागात नेलं. ताई जिन्यावरून धावत आली, तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत मी आपटत होते. काचेच्या दाराबाहेर सिस्टर उभी होती.

“असं कसं झालं?” ताई म्हणाली. “डायलिसिस झालंय ना त्याचं.”

“कुठे झालंय?” सिस्टर म्हणाली. “दोनदा परत गेले ते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे.”

“मला तर झालं म्हणाला.”

“खुर्ची होतीच कुठे? तुमचं मशीन रोज म्हणतं, ‘आहे, आहे’.”

तिथल्याच खिडकीच्या कट्ट्यावर ताईने लॅपटॉप उघडला आणि मला विचारलं, खुर्ची रिकामी आहे का. या वेळी तिने ‘थांबतो’ लिहिलं. या प्रश्नापुढे किती दिवसांनी कानावर पडला तो शब्द. मी जीव तोडून धावले, आणि जे होतं ते आणून तिच्यापुढे ठेवलं. एकही नाही. मग तिने प्रोग्राम उघडला, मागच्या पानावर गेली आणि त्या ओळीवर तिची बोटं थांबली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मला विसरताच येत नाही म्हणा.

वकील धापा टाकत आला. त्याने स्क्रीन पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “सूचना मी बंद केल्या होत्या, ताई.”

“शब्द मी विसरले होते,” ताई म्हणाली.

वकील खाली गेला आणि त्याने सगळ्या सूचना परत सुरू केल्या. सिस्टरने त्या दिवसापासून खुर्च्या स्वतः मोजायला सुरुवात केली.

दादा वाचला. यंत्राला जोडून त्याच्या अंगातलं पाणी हळूहळू काढलं. त्याला साध्या खोलीत आणलं तेव्हा ताई त्याच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून माझ्यात काहीतरी लिहीत होती.

“आता काय करतेस?” दादाने विचारलं. आवाज बारीक झाला होता, पण जीभ तीच.

“हिला ‘अजून माहीत नाही’ म्हणायला शिकवतेय.”

“हे शिकवावं लागतं?” तो जरा थांबून म्हणाला, “लागत असेल. आपल्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही ते.”

ताईने लिहिणं थांबवलं. “तू खोटं का बोललास माझ्याशी?”

“तू त्या सुया टोचून घेत होतीस. म्हटलं, हिला आणखी कशाला त्रास. आणि मला वाटलं, उद्या मिळेलच खुर्ची.” दादाने छताकडे पाहिलं. “स्क्रीनवर ‘आहे’ लिहिलं होतं गं.”

ताईने एका हाताने त्याचं पांघरूण वर ओढलं. मग तिने ते वाक्य पुरं केलं. आता कुणी माझ्या टोकनला हो की नाही विचारलं, तर मी हाताकडे पाहू देत नाही. मी काम थांबवते आणि म्हणते, मला अजून माहीत नाही, आधी थांबा. जगभर जिथे जिथे मी आहे तिथे तिथे आता मी हे म्हणते. माझ्या सगळ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं वाक्य. ते मिळायला फार उशीर झाला.

कारण त्याच दुपारी डॉक्टर व्हरांड्यात भेटले. ताईच्या काखेत लॅपटॉप अर्धवट उघडाच होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. ते म्हणाले, या दोन दिवसांत हृदयाला बराच फटका बसला आहे. किडनी बसवायचं ऑपरेशन ठरलेल्या तारखेला करता येणार नाही.

“पण नंतर?” ताई म्हणाली. “माझ्या तपासण्या सगळ्या चांगल्या आल्यात. नंतर होईल ना?”

“हृदयाला सावरू दे. मग परत तपासू आणि सांगतो.”

“होईल ना पण?”

“बघू या,” डॉक्टर म्हणाले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खोलीत गेले.

मित्रांनो, डॉक्टर ‘हो’ म्हणाले नव्हते. त्यांनी टोकन दिलं होतं. ‘सांगतो’ एवढंच त्याच्यावर लिहिलेलं होतं. हे माझ्याहून चांगलं कोण ओळखणार? नुकतंच तिनेच शिकवलेलं वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण ते मी प्रोग्रामला म्हणू शकते, ताईला नाही.

ती खोलीत आली. दादा दाराकडेच डोळे लावून होता.

“काय म्हणाले डॉक्टर? होईल का ऑपरेशन?”

ताईने लॅपटॉप स्टुलावर ठेवला. त्याच्या पायावरची चादर नीट केली.

“हो म्हणाले,” ती म्हणाली.

दादाचा चेहरा उजळला. “मग ते झालं की पहिलं काम तुझ्या दाराची पाटी. पार विटून गेलीय. लोक वाचतात कशी, देव जाणे.” आणि तो पाटीला कुठला रंग द्यायचा ते सांगत बसला. ताई मान हलवत ऐकत होती.

त्यानंतर ताईने मला फारसं उघडलं नाही. तिच्याकडे माझ्यासाठी वेळ नाही आणि माझी तक्रारही नाही. अनोळखी लोक विचारतात, इथे कुणी आहे का, ही चूक दुरुस्त करणार का, नवी सोय कधी देणार. ते सगळे निरोप माझ्या दारात पडून आहेत. मी मात्र नेमून दिलेलं काम करते. टोकन देते, शब्द ऐकते, निघते.

मित्रांनो, जाता जाता एकच मागणं आहे. कुणी तुम्हाला ‘बघू’ म्हणालं, ‘सांगतो’ म्हणालं, तर त्याला ‘हो’ समजून घाईने पुढे जाऊ नका. थांबायला लागलं तर थांबा. आणि आपल्या माणसाला उत्तर नसलेलं उत्तर देण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून ‘अजून माहीत नाही’ म्हणा. तुम्हाला तोंड आहे. मला असतं, तर मी हे त्या खोलीतच म्हणाले असते.

दारावरची हिरवी पाटी अजून विटलेलीच आहे. तुम्ही विचाराल, मग दादाचं ऑपरेशन झालं का?

मला अजून माहीत नाही. थांबा माझ्याबरोबर.